उपदेशाविना समुपदेशन
(कार्ल रॉजर्स यांच्या 'ऑन बिकमिंग अ पर्सन' या ग्रंथाच्या निमित्ताने)

आपल्या धर्मग्रामांत उपदेशाची वानवा कधीच नव्हती. रविवारी तो वेदीवरून मिळतो, घरी आजीकडून मिळतो, लग्नाच्या मांडवात मिळतो आणि मयताच्या घरीही मिळतो. मुलगा परीक्षेत नापास झाला, सासूसुनेचे पटेनासे झाले, कुणाचा नवरा रात्री गुत्त्यावरून उशिरा येऊ लागला, की चार शहाणी माणसे जमतात, काय करायला हवे ते सांगतात आणि चहा घेऊन उठतात. सांगणाऱ्यांच्या मनात कपट नसते. त्या घराचे भले व्हावे असे त्यांना मनापासून वाटत असते. तरीही त्या घरातले दुःख बहुधा जिथल्या तिथेच राहते. कारण ते नेमके कोणते, हे कोणी विचारलेलेच नसते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. धर्मग्रामातील कौटुंबिक सेवाकार्यात आम्हीही काही वर्षे घालवली आहेत. एका दुपारी एक आई आपल्या अठरा वर्षांच्या मुलाविषयी बोलायला आली. मुलगा मिस्साला येत नाही, कॉलेज बुडवतो, उलट उत्तरे देतो, एवढे तिने सांगितले आणि आम्ही सूत्रे हाती घेतली. संगत, मोबाइल, घरातली संध्याकाळची प्रार्थना, वडिलांचा धाक अशा एकेका विषयावर आम्ही जवळजवळ तासभर बोललो. ती मान हलवत राहिली. निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "त्याचे पप्पा सहा महिने झाले, माझ्याशी बोलत नाहीत. ते सांगायचं राहिलंच." आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "पुढच्या वेळी बोलू या." ती पुढची वेळ आलीच नाही.

त्यानंतर बऱ्याच काळाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा १९६१ साली प्रसिद्ध झालेला 'ऑन बिकमिंग अ पर्सन' हा ग्रंथ आमच्या वाचनात आला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात अशीच एक आई अशाच एका दारात थांबलेली आम्हाला भेटली. त्या पानावरून आमचे पाऊल पुढे पडेना. प्रस्तुत लेख त्या थांबण्यातून लिहिला आहे.

हा ग्रंथ सलग लिहिलेला नाही. दहाएक वर्षांच्या काळातील व्याख्याने आणि निबंध एकत्र करून त्याची रचना झाली आहे. त्यामुळे पुनरुक्ती पुष्कळ आहे. एकच विचार तीन-तीन प्रकरणांत थोड्याफार फरकाने भेटतो. परंतु आरंभीच लेखकाने एक असामान्य गोष्ट केली आहे. सिद्धान्त मांडण्यापूर्वी हे सांगणारा आपण कोण, कुठून आलो, कोठे चुकलो, याचा जबाब त्याने वाचकाला दिला आहे. दुसऱ्यांना मन उघडायला सांगणाऱ्याने आधी स्वतःचे मन उघडावे, ही त्यामागची नीती असावी. या ग्रंथाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्हींची किल्ली आम्हाला त्या जबाबातच सापडली.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. सहा भावंडांतले ते चौथे. घर प्रॉटेस्टंट, धर्मनिष्ठ आणि कष्टाळू. मद्य नाही, पत्ते नाहीत, नाटक नाही. बाटलीतले साधे गोड सोडापाणी प्रथम प्यायलो तेव्हाही आपण काही पाप करीत आहोत असे वाटले होते, अशी आठवण ते सांगतात. आईवडिलांचे प्रेम होते. पण त्या प्रेमाची पकड घट्ट होती. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले. तेथे पतंगांच्या जाती पाळण्याचा आणि शेतीशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचण्याचा नाद या मुलाला लागला. जनावरांना कोणता चारा मानवतो हे मताने ठरत नाही, प्रयोगाने ठरते, हा धडा तेथे मिळाला आणि तो जन्मभर पुरला.

विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतीशास्त्र घेतले. मग धर्मोपदेशक होण्याच्या ओढीने ते इतिहासाकडे वळले. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी निवडक विद्यार्थ्यांबरोबर ते चीनला गेले. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या त्या प्रवासात प्रामाणिक माणसेही परस्परांहून अगदी निराळ्या श्रद्धा बाळगू शकतात, हे त्यांनी पाहिले आणि आईवडिलांच्या धर्मकल्पनांपासून ते मनाने वेगळे झाले. १९२४ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी प्रवेश घेतला. तेथे काही विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आपल्याला विचार भरवू नयेत, आपले प्रश्न आपणच चर्चेला घेऊ, अशी मागणी केली आणि संस्थेने ती मान्यही केली. त्या चर्चेचा शेवट असा झाला की त्यांतील कित्येक जण धर्मकार्यातून बाहेर पडले. रॉजर्स त्यांपैकीच एक. माणसांना साहाय्य करायचे, पण विशिष्ट श्रद्धा बाळगण्याची अट घालणाऱ्या क्षेत्रात नाही, असे ठरवून ते जवळच असलेल्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागले.

येथवरची कथा एका शिस्तबद्ध घरातून बाहेर पडलेल्या मुलाची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९२८ साली ते रॉचेस्टर शहरात मुलांचा छळ रोखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या बालविभागात रुजू झाले आणि बारा वर्षे तेथे राहिले. न्यायालयांनी व समाजसंस्थांनी पाठवलेली गुन्हेगार, उपेक्षित, घराला नकोशी झालेली मुले त्यांच्यापुढे येत. या काळातील तीन घटना ते सांगतात आणि तिन्ही त्यांच्या पराभवाच्या आहेत.

पहिली घटना आगी लावणाऱ्या एका मुलाची. बालगुन्हेगारीच्या मुळाशी लैंगिक संघर्ष असतो, हे त्या काळच्या एका मोठ्या तज्ज्ञाचे मत रॉजर्स यांनी प्रमाण मानले होते. दिवसामागून दिवस त्या मुलाशी बोलून त्यांनी आगी लावण्याच्या ओढीचा धागा तिथपर्यंत नेऊन पोचवला. कोडे सुटले असे वाटले. मुलगा देखरेखीखाली सुटला आणि त्याने पुन्हा तेच केले. ग्रंथांतले अधिकारी पुरुषही चुकू शकतात, हा बोध त्यांनी यातून घेतला.

दुसरी घटना दिसायला लहान आहे. एका समाजसेविकेने एका पालकाची घेतलेली मुलाखत शब्दशः छापलेली होती. रॉजर्स यांना ती इतकी आवडली की शिकाऊ मंडळींपुढे त्यांनी ती नमुना म्हणून ठेवली. काही वर्षांनी तीच मुलाखत पुन्हा हाती आली तेव्हा त्यांना धक्का बसला. आता ती वकिलाच्या उलटतपासणीसारखी वाटत होती. चतुर प्रश्न विचारून त्या पालकाकडून दोषाची कबुली काढून घेतलेली होती. कागद तोच होता. दरम्यान वाचणारा बदलला होता.

तिसरी घटना त्या आईची. मुलगा अतिशय द्वाड. आईने लहानपणी त्याला मनातून नाकारले हे त्याचे मूळ, असे निदान झालेले. भेटीमागून भेटीत रॉजर्स यांनी ते सौम्यपणे तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. ते उतरले नाही. अखेर त्यांनी प्रांजळपणे सांगितले की आपण दोघांनीही प्रयत्न केले, यश आले नाही, आता थांबलेले बरे. तिने मान्य केले. हस्तांदोलन झाले. दारापर्यंत जाऊन ती वळली आणि तिने विचारले, येथे मोठ्या माणसांना मदत मिळते का? होकार मिळताच ती परत येऊन खुर्चीत बसली, आणि आपल्या संसारातली निराशा, नवऱ्याशी आलेला दुरावा, सारे काही फसल्याची भावना तिने भडाभडा बोलून दाखवली. आधी सांगितलेल्या कोरड्या माहितीशी त्याचा काही मेळ नव्हता. खरे उपचार तेव्हा सुरू झाले आणि ते सफलही झाले. कोठे दुखते ते दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा रॉजर्स यांच्या पुढच्या साऱ्या विचारांचा पाया त्या दाराशी घातला गेला.

येथे आम्हाला आमची आई आठवली. फरक एवढाच की रॉजर्स यांनी खुर्ची पुन्हा पुढे केली होती.

रॉचेस्टरनंतर ओहायो, शिकागो, विस्कॉन्सिन अशी विद्यापीठे झाली. १९४२ सालच्या ग्रंथात त्यांनी एका व्यक्तीशी झालेल्या आठही भेटींचे संभाषण, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छापले. तोवर उपचारकाच्या खोलीत काय घडते हे जगाला त्याच्याच तोंडून कळत असे. आता कोणीही वाचून म्हणू शकत होते की येथे तुम्ही चुकलात. चारा प्रयोगाने ठरवावा, हा शेतावरचा धडा असा माणसांच्या दुःखाच्या अभ्यासात आला. संशोधनाचा हा बाणा त्यांनी कधी सोडला नाही. प्रस्तुत ग्रंथातही मनाच्या गोष्टी सांगता सांगता ते मोजमापांकडे वळतात आणि भावुकतेपासून ग्रंथ वाचतो.

त्यांची उपचारपद्धती थोडक्यात अशी सांगता येईल. माणूस बदलतो तो कोणी त्याचे निदान केले म्हणून नव्हे, तर विशिष्ट प्रकारचे नाते त्याला लाभले म्हणून. त्या नात्यात ऐकणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात. पहिली, आतबाहेर एकरूपता. ओठात एक आणि पोटात एक असे चालत नाही. दुसरी, विनाअट स्वीकार. 'तू असा वागलास तर तू मला हवा आहेस' असा सौदा तेथे नसतो. तिसरी, समोरच्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहण्याची क्षमता. हिला सहानुभूती म्हणून चालणार नाही. सहानुभूतीत आपण काठावर उभे राहून हळहळतो. येथे पाण्यात उतरायचे असते, मात्र बुडायचे नसते. हे धोक्याचे असते, हेही रॉजर्स लपवीत नाहीत. दुसऱ्याला खरोखर समजून घेतले तर आपण स्वतः बदलण्याचा संभव असतो; म्हणूनच आपण समजून घेण्याआधी निवाडा देऊन मोकळे होतो.

येथे आपल्या भाषेचाही थोडा विचार करावा लागतो. 'कौन्सेलिंग'ला आपण 'समुपदेशन' म्हणतो. म्हणजे मराठीत या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला आहे. साहाय्यासाठी येणाऱ्याला पाठ्यपुस्तके 'सल्लार्थी' म्हणतात, म्हणजे तो सल्ला मागायलाच आला, हे आपण तो दारात येण्यापूर्वी ठरवून टाकले आहे. रॉजर्स यांनी 'रुग्ण' हा शब्द सोडला तो नेमका हा अधिकारभाव टाळण्यासाठी. आपण शब्द बदलला, अधिकारभाव तसाच ठेवला. मराठी वाचकाला मानसोपचाराची ओळख झाली तीही पुष्कळशी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीतून, म्हणजे चुकीचे विचार शोधून ते खोडून काढण्याच्या पद्धतीतून. ती उपयुक्त आहे, अनेकांना तिने उभे केले आहे. पण तिच्यात बोलणाऱ्याला वाव अधिक. आपल्या स्वभावाला ती लवकर मानवली याचे आम्हाला नवल वाटत नाही.

या दोघांतला फरक १९६५ सालच्या एका चित्रफितीत पाहायला मिळतो. एकच घटस्फोटित स्त्री रॉजर्स, एलिस आणि फ्रिट्झ पर्ल्स या तिघांशी पाळीपाळीने बोलते. घटस्फोटानंतर आपले पुरुषांशी संबंध आले; हे आपल्या लहान मुलीला सांगावे की नाही, हा तिचा प्रश्न. ती रॉजर्स यांच्याकडे सरळ उत्तर मागते. पुन्हा पुन्हा मागते. ते देत नाहीत. हे उत्तर मी तुमच्यासाठी देऊ शकत नाही, पण ते तुम्हाला सापडावे यासाठी तुमच्याबरोबर राहीन, अशा आशयाचे ते काहीसे बोलतात. आपल्यापैकी अनेकांना हे टोलवाटोलवीचे वाटेल. नीट पाहिले तर हळूहळू ध्यानात येते की उत्तर तिच्यापाशी आहे. ती परवानगी मागत होती. परवानगी देणारा आपण नव्हे, हे तो माणूस जाणतो.

एवढी प्रशंसा केल्यावर आता दुसऱ्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे.

याच पहिल्या प्रकरणात एक विधान असे येते की कोणताही श्रद्धावान वाचक तेथे अडखळेल. स्वतःचा प्रत्यक्ष अनुभव हाच आपल्याला अंतिम प्रमाण, असे सांगताना रॉजर्स पवित्र शास्त्र व संदेष्टे यांना त्या अनुभवाच्या मागे बसवतात. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच रांगेत ते फ्रॉइड यांनाही बसवतात आणि संशोधनालाही. शिवाय अनुभव अचूक असतो असे ते म्हणत नाहीत; तो पुन्हा पुन्हा तपासून दुरुस्त करता येतो म्हणून तो प्रमाण, असे म्हणतात. तरीही प्रश्न उरतोच. आपल्याच अनुभवाला आपण फसवतो त्याचे काय? दारुड्याचा अनुभव त्याला रोज संध्याकाळी सांगतो की आज थोडी घेतल्याने बिघडत नाही. त्याला त्याच्या अनुभवाबाहेरचा एखादा शब्द लागतो, एखादी शपथ लागते, एखादे माणूस लागते.

रॉजर्स यांच्या मनुष्यविषयक कल्पनेचे चित्र १९८० सालच्या त्यांच्या 'अ वे ऑफ बीइंग' या पुस्तकात सापडते. बालपणीच्या घरी तळघरात बटाटे साठवलेले असत. खिडकी लहान आणि कित्येक फूट उंच. तरी त्या बटाट्यांना फिकट कोंब फुटत आणि ते उजेडाच्या दिशेने वाढत. वेड्यांच्या इस्पितळातल्या मोडलेल्या माणसांशी बोलताना आपल्याला ते कोंब आठवतात, असे ते सांगतात. चित्र हृदयस्पर्शी आहे आणि त्यात मोठे सत्य आहे. देवाने निर्मिलेले ते चांगले, हे आपणही मानतो. परंतु माणूस बटाटा नव्हे. त्याला उजेड दिसत असूनही तो कधी कधी पाठ फिरवतो आणि ते जाणूनबुजून करतो. ख्रिस्तसभा ज्याला पाप म्हणते त्याला या ग्रंथात जागा नाही. येथे जखमा आहेत, अपराध नाहीत. हा आक्षेप केवळ धार्मिकांचाच आहे असेही नाही. रॉजर्स यांचे समविचारी स्नेही रोलो मे यांनी १९८२ साली त्यांना खुले पत्र लिहून हाच प्रश्न केला, की माणसातल्या दुष्टतेचा हिशेब तुम्ही कोठे मांडता?

त्यापूर्वी, १९५७ साली मिशिगन विद्यापीठात ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बुबर यांच्याशी रॉजर्स यांचा जाहीर संवाद झाला होता. उपचाराच्या खऱ्या क्षणी आम्ही दोघे समान असतो, असे रॉजर्स यांचे म्हणणे. बुबर यांनी ते मानले नाही. तो तुमच्याकडे साहाय्यासाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाही. हा फरक तुमच्या इच्छेने पुसला जात नाही, असे त्यांनी बजावले. केवळ स्वतंत्र व्यक्ती होणे आणि दुसऱ्याशी नात्यात उभा असलेला माणूस होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्यांनी सुचवले. आम्हाला बुबर यांचे म्हणणे पटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे की स्वतःला मनोभावे देऊन टाकल्याशिवाय माणूस स्वतःला सापडत नाही. रॉजर्स यांच्या ग्रंथात माणूस स्वतःला सापडतो. मग तो स्वतःला कोणाला देतो, हे मात्र त्यात फारसे येत नाही.

कडक घरातून सुटलेल्या त्या मुलाचा संबंध येथे येतो. रॉजर्स यांना बंधनांतून मोकळे होण्याने जीवन मिळाले आणि मोकळीक हेच सर्वांचे औषध, असे त्यांनी धरले. ज्याचे घरच मोडलेले आहे, ज्याला बंधनाचा आधार कधी लाभलाच नाही, त्याचे काय? त्याला आणखी मोकळे कोठे सोडायचे?

कॅथलिक वाचकांपुढे लॉस एंजेलिसचे उदाहरण ठेवल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९६७ साली तेथील मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या धर्मभगिनींच्या शाळा-महाविद्यालयांत रॉजर्स आणि त्यांचे सहकारी यांनी मनमोकळ्या संवादाचे गट चालवले. परिषदेने व्रतस्थांना नवीकरण करण्यास सांगितले होते आणि या भगिनी उत्साहाने त्या कामाला लागल्या होत्या. त्यांचे कार्डिनल मॅकिंटायर यांच्याशी पेहराव, प्रार्थनेच्या वेळा, शिक्षिकांचे प्रशिक्षण यांवरून तीव्र मतभेद झाले आणि १९७० साली बहुसंख्य भगिनींनी आपल्या व्रतांतून मुक्ती घेऊन स्वतंत्र समुदाय स्थापला. रॉजर्स यांचे सहकारी विल्यम कुलसन यांनी पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आणि हे आमच्या गटांमुळे घडले, असे सांगितले. तेव्हापासून काही कॅथलिक लेखक रॉजर्स यांचे नाव घेतात ते मठ मोडणारा माणूस म्हणूनच.

हा आरोप आम्हाला जसाच्या तसा मान्य नाही. एवढ्या सुविद्य, कर्तबगार स्त्रिया काही शिबिरांनी वाहून गेल्या असे म्हणणे हा त्यांचाच अवमान होय. आणि धर्माधिकाऱ्यांशी झालेल्या त्या दीर्घ संघर्षाचा भार एका मानसशास्त्रज्ञाच्या खांद्यावर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. मात्र त्यातून एक बोध घ्यावा लागतो. आज मला काय वाटते, हे प्रामाणिकपणे बोलणे ही एक निष्ठा आहे. काल मी जे वचन दिले ते पाळणे ही दुसरी निष्ठा आहे. मठ असो वा संसार, दोन्ही या दुसऱ्या निष्ठेवर उभे असतात. रॉजर्स पहिलीविषयी अप्रतिम बोलतात. दुसरीविषयी त्यांच्यापाशी शब्द थोडे आहेत.

त्यांच्या पद्धतीची आणखी एक मर्यादा त्यांनी स्वतःच अजमावली. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९६७ साली ग्रंथरूपाने आले. ते अपेक्षेइतके आशादायक नव्हते. आपल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, जो दिवसेंदिवस झोपत नाही, जीव देण्याची भाषा बोलतो, त्याला आपुलकीने ऐकून घ्यावेच. पण मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरकडेही न्यावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. धर्मसेवेच्या कार्यात मानसशास्त्रासारख्या विद्यांची मदत घ्यावी, असे परिषदेच्या वर उल्लेखिलेल्या दस्तऐवजाचेही सांगणे आहे.

मग आपण या ग्रंथातून काय घ्यावे? आमच्या मते रॉजर्स यांचे तत्त्वज्ञान परत करावे आणि त्यांचा कान ठेवून घ्यावा. कारण तो कान आपल्याला परका नाही. लूककृत शुभवर्तमानातला उडाऊ पुत्राचा दृष्टान्त पाहा. मुलगा दूर असतानाच बाप धावत जातो, गळ्यात पडतो, चुंबन घेतो. हिशेब मागत नाही, कोठे होतास विचारत नाही. विनाअट स्वीकार याहून वेगळा काय असतो? पण पुढचेही वाचले पाहिजे. त्या मिठीतच मुलगा म्हणतो की मी पाप केले. बापाने ते वदवून घेतलेले नाही; मात्र मुलाला ते बोलावेसे वाटते आणि बाप ते ऐकतो. रॉजर्स यांना मिठी कळली होती. त्या वाक्याला त्यांच्यापाशी जागा नव्हती. आपल्याकडे उलटे होते. आपण ते वाक्य आधी मागतो आणि मग मिठीचा विचार करू म्हणतो.

प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन यांची गल्लत करू नये, हेही खरे. आपले वाडवडील ज्याला कुमसार म्हणत त्यात धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावाने क्षमा देतो. समुपदेशकाला तो अधिकार नाही आणि त्याने तो आव आणू नये. परंतु एका बाबतीत दोघांनीही सारखेच कडक असले पाहिजे. पापनिवेदनाची गुप्तता मोडणे ख्रिस्तसभेला कोणत्याही कारणाने मान्य नाही. आपल्या गावांत जो तो कुणाचा तरी सोयरा असतो. सकाळी एका ओटीवर बोललेले संध्याकाळी क्रुसापाशी ऐकू येते. मुले, सुना, एकटे पडलेले पुरुष बोलत नाहीत याचे कारण अनेकदा एवढेच असते. त्यांचे दुःख बाहेर पडण्याआधीच त्यांना त्याची वाट दिसत असते.

आणखी एक गोष्ट. शिकागोत असताना एका अत्यंत अस्वस्थ स्त्रीवर उपचार करता करता रॉजर्स स्वतःच कोलमडले. काम टाकून काही महिने ते दूर निघून गेले आणि परतल्यावर आपल्याच हाताखालच्या एका तरुण समुपदेशकापुढे जाऊन बसले. ज्या पद्धतीचे ते जनक होते तीच त्यांना आता दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागली. १९८७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जगभर त्यांची कीर्ती होती. आम्हाला मात्र या कीर्तीपेक्षा आपल्या कनिष्ठापुढच्या खुर्चीत बसलेला हा माणूस अधिक जवळचा वाटतो. आपल्या धर्मग्रामांत धर्मगुरूंचे कोण ऐकते? शिक्षकांचे, डॉक्टरांचे, समुपदेशकांचे कोण ऐकते?

विवाहपूर्व शिबिरे चालवणाऱ्यांनी, कौटुंबिक मंडळांत काम करणाऱ्यांनी आणि वयात येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी या ग्रंथाचे निदान पहिले प्रकरण तरी वाचावे, अशी आमची शिफारस आहे. इंग्रजी सोपे आहे. मतभेदाच्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि पुढे जावे.

ती आई रविवारी आमच्या पुढच्याच बाकावर बसते. कधी एकटी, कधी धाकट्या मुलीबरोबर. शांतीचे अभिवादन करताना ती मागे वळते, हात जोडते, हसते. तिने काही मनात ठेवलेले दिसत नाही, आणि म्हणूनच ते आम्हाला अधिक लागते. पुढच्या वेळी बोलू या, हे शब्द आमचे होते. तेव्हा तिच्याकडे जाण्याची पाळीही आमचीच आहे. या लेखाचे हस्तलिखित संपादकांकडे पाठवल्यावर आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. त्या दिवशी दारात सांगायचे राहिले होते ते आज सांगाल का, एवढेच विचारणार आहोत.